कंपनी तीच हवी

मेडिकलच्या दुकानात अक्का लेबल पूर्ण वाचल्याशिवाय बाटली पिशवीत टाकत नसत. लांबचा चष्मा काढायचा, जवळचा लावायचा, बाटली उजेडात धरायची आणि गोळीचं नाव, मात्रा, शेवटी कंपनीचं नाव असं सगळं ओठांतल्या ओठांत वाचायचं. मागे माणसं खोळंबायची. कुणी चुळबुळ केली की मान न वळवता त्या म्हणायच्या, "स्वल्प थांबा." 'थोडं थांबा' हे त्या इतक्या सभ्यपणे म्हणत की माणसं खरंच थांबत.

जे. पी. नगरमध्ये आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मी पुण्याहून लग्न करून आलेली. त्यांच्या मराठी घराण्याला बंगळुरात किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरमालकीण म्हणून मी त्यांना पहिल्या दिवशी काकू म्हटलं, तर म्हणाल्या, "काकू बेडा. इथे सगळे अक्काच म्हणतात." बेडा म्हणजे नको, हा माझा कानडीचा पहिला धडा.

थायरॉईडची गोळी त्या कितीतरी वर्षं घेत होत्या. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी गोळी, मग तासाभराने कॉफी. मधल्या वेळात दारासमोर रांगोळी चालायची आणि तेव्हा कुणी बोललेलं त्यांना आवडत नसे. कॉफी पोटात जाईपर्यंत माणूस अर्धाच जागा असतो, असं त्यांचं म्हणणं.

कंपनीचा आग्रह मात्र पहिल्यापासूनचा नव्हता. एकदा दुकानातली नेहमीची बाटली संपली होती, तेव्हा दुकानदाराने काही न सांगता दुसऱ्या कंपनीची दिली. मुलगा ती घेऊन आला, अक्का घेत राहिल्या. हळूहळू छाती धडधडू लागली, झोप उडाली, हात थरथरायला लागले. मुलाला वाटलं, वय झालं. सुनेला वाटलं, सासरे गेल्यापासून एकट्या बसून विचार करतात. एका नातेवाइकाने ध्यानाचा वर्ग सुचवला, अक्का त्यालाही जाऊन आल्या. अखेर रक्त तपासलं तेव्हा आकडे बिघडलेले निघाले. डॉक्टरांनी बाटली आणायला सांगितली आणि कंपनी बदललेली दिसली. जुनी गोळी सुरू झाल्यावर यथावकाश सगळं जागेवर आलं. घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

"धडधड गेली," हे मला सांगताना अक्का म्हणाल्या, "पण तितके महिने माझ्याच घरात माझं कुणी खरं मानलं नाही, ते राहिलं."

त्यानंतर गोळ्या आणायला त्या स्वतः जाऊ लागल्या. बऱ्याचदा मी सोबत असे.

मग एका उन्हाळ्यात ती बाटली आमच्या भागातून नाहीशीच झाली. औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी, असं प्रत्येक दुकानात ऐकायला मिळायचं. अक्का ऐकून घ्यायच्या, 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणायच्या आणि पुढच्या दुकानाकडे वळायच्या. घरातल्या गोळ्या संपत आल्या तशा अक्का रोज बाटली उपडी करून त्या मोजू लागल्या. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला के. आर. पुरमला तिच्या घराजवळ ती बाटली मिळाली होती. मी तिथे फोन केला. एकच उरली आहे, लवकर या, असं दुकानदार म्हणाला. शनिवारी आम्ही मॅजेस्टिकला मेट्रो बदलून तिकडे गेलो.

बाटली होती. अक्कांनी चष्मा बदलला आणि वाचायला घेतलं. तेवढ्यात एक तरुण आत आला आणि रिकामी बाटली काउंटरवर ठेवून अशीच हवी म्हणाला. तीच कंपनी, तीच मात्रा. दुकानदाराने अक्कांच्या हाताकडे बोट दाखवलं. तो तिथेच उभा राहिला. अक्कांनी त्याची कानडीत चौकशी केली. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. आधी एकदा पोटातलं मूल गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आकडे मुश्किलीने जागेवर आलेत, आता कंपनी बदलू नका. सकाळपासून तो दुकानं पालथी घालत होता.

अक्कांनी हातातली बाटली शेवटपर्यंत वाचली. मग ती त्याच्या हातात ठेवली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "दुसरी कुठली आहे ती दाखवा." ती आली, तीही त्यांनी शेवटपर्यंत वाचली.

परतताना मेट्रोत मी विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटतेय की. पण माझा हट्ट गोळीचा नव्हता गं. तेव्हा मला न सांगता बदलली. आज मी बदलली."

घरी आल्यावर त्यांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं. गोळी बदलली आहे, डॉक्टरांना विचारून दीड महिन्याने रक्त तपासायचं आहे, आणि तोवर मी स्वल्प चिडचिड करेन, असं सांगून टाकलं. ते दिवस सोपे गेले नाहीत. धडधड पुन्हा सुरू झाली. पण रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मुलगा खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसायचा आणि विचारायचा, "अम्मा, रात्री झोप लागली?" अक्का इतकं सविस्तर उत्तर द्यायच्या की त्याला उशीर व्हायचा. तरी तो उठत नसे. डॉक्टरांनी दीड महिना व्हायच्या आधीच तपासणी करून मात्रा थोडी कमी केली आणि त्या सावरल्या. मला मात्र वाटतं, त्यांच्या सावरण्याला सुरुवात त्या खुर्चीपासून झाली होती.

पुढे मुलाने देवनहळ्ळीकडे घर घेतलं आणि अक्का तिकडे गेल्या. आम्हीही ते घर सोडलं. अधूनमधून फोन व्हायचे. मागच्या वर्षी एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. शेवटपर्यंत खूप बोलायची अम्मा, असं मुलगा फोनवर म्हणाला.

परवा माझी लेक शाळेचे नवे बूट घालून रडायला लागली, टोचतात म्हणून. नवरा म्हणाला, नंबर तोच आहे, सवय होईल. मी जमिनीवर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि म्हटलं, "दाखव बरं, कुठे टोचतात?"