बाईंनी न लिहिलेले तास

इझाबेलबाई घोन्साल्विस यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागायला मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा मी सरळ सांगितलं, की बाईंविषयी चांगलं लिहिणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, मला यातून सोडवा. त्यांना वाटलं, मी विनयाने बोलते आहे. विनय वगैरे काही नव्हता. ज्या बाईंमुळे मी परिचारिका झाले, त्याच बाईंमुळे परदेशातल्या परवाना परीक्षेला मी कायमची अपात्र ठरले. त्यांच्यावर मी गौरवलेख लिहायचा म्हणजे अवघडच. पण मग खुद्द बाईंचाच निरोप आला, "लिही. आणि गुळमुळीत लिहू नकोस." त्यांचा शब्द मोडायची सवय आम्हा कुणालाच नाही.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वसईतल्या आमच्या नर्सिंग स्कूलच्या मुलाखतीत. तिथल्या सगळ्या मुली त्यांना ट्यूटरबाई म्हणत. आमच्या गावी, चांदीपला, भाताची आवणी नुकतीच आटोपली होती आणि कितीही घासलं तरी माझ्या नखांतला चिखल निघाला नव्हता. मी हात पदराखाली, म्हणजे ओढणीखाली, दडवून बसले होते. बाईंनी ते नेमकं हेरलं आणि हात पुढे करायला सांगितलं. शेजारी बसलेले माझे वडील घाईघाईने म्हणाले, "बाय, पोर शेतावर राबते, पन हात हलका हाय तिचा. वासराला पन दुखवत नाय." बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "चिखलाची लाज नको. इथं याहून वाईट काय काय हाताला लागणार आहे." मला प्रवेश मिळाला.

बाईंची एक पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. प्रत्येक मुलीने कोणत्या वॉर्डात किती तास काम केलं याची एक वही असते. ती वर्षअखेरीस एका बैठकीत, अभ्यासक्रमात लिहिलेल्या आकड्याला आकडा जुळवून भरणारेही लोक असतात. बाई मात्र रोज संध्याकाळी पाळी बदलताना स्वतः वही घेऊन वॉर्डात उभ्या राहत. चहाला जास्त वेळ लागला, तर पाव तास कापत. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. एकदा मला ताप असताना त्यांनी घरून पेज आणून चमच्याने भरवली आणि त्याच हाताने माझ्या नावापुढे गैरहजेरी मांडली. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच शांतपणे केली.

तिसऱ्या वर्षी वसई-विरारमध्ये चार दिवस पाणी साचून राहिलं. ते ओसरलं आणि तापाचे रोगी येऊ लागले, एका खाटेवर दोन दोन. नेमकी तेव्हाच आमची अठरा जणींची तुकडी सहा आठवड्यांच्या प्रात्यक्षिकासाठी मनोरुग्णालयात जायची होती. बाईंनी ती नेमणूक रद्द केली. "माणसं इथं जमिनीवर पडलीत. आधी हे. तिकडचं नंतर भरून काढू," असं म्हणून त्यांनी आम्हाला मेडिकल वॉर्डात उभं केलं. त्या दिवसांत त्याही घरी गेल्या नाहीत. आमच्या हातून किती माणसं उठून घरी गेली हे आठवलं, की आजही बरं वाटतं. पण पाठोपाठ अंतिम परीक्षा आली आणि ते 'नंतर' राहून गेलं. बाई विसरल्या. आम्हीही आठवण केली नाही, कारण मनोरुग्णालयात जायची भीतीच वाटायची. वहीत मानसिक आरोग्याच्या रकान्यात अठरा शून्यं राहिली. इथे कुणी ती वही उघडून पाहिली नाही, आम्हाला नोंदणी मिळाली आणि आम्ही कामाला लागलो.

ती वही उघडायला लावली परदेशातल्या नर्सिंग परिषदेने, तब्बल तेरा वर्षांनी. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगी शाळेत जात होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि मी अजून कंत्राटावरच बारा बारा तासांची ड्यूटी करत होते. परदेशी जाणं ही हौस नव्हती, तेवढा एकच रस्ता दिसत होता. इंग्रजीची परीक्षा मी पास झाले होते. मग वहीतल्या तासांचा उतारा पाहून परिषदेचं पत्र आलं, की मानसोपचार परिचर्येचे प्रात्यक्षिक तास नसल्यामुळे अर्जदार परवाना परीक्षेस बसू शकत नाही.

मी उमेळ्याला बाईंच्या घरी गेले. शाळा तोवर बंद झाली होती आणि सगळ्या वह्या बाईंच्या कपाटात होत्या. मी म्हटलं, "बाई, नव्याने एक दाखला द्या. सहा आठवडे केले म्हणून लिहा. आता कोण बघायला येणार आहे?"

बाईंनी वही काढली आणि शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तास मी नाही लिहून देणार. चूक माझी आहे, ती लिहून देते."

"चूक घेऊन मी काय करू, बाई?"

"मला तेवढंच देता येतं गं."

आणि खरोखरच त्यांनी लिहून दिलं, की नेमणूक मी रद्द केली, नंतर पूर्ण करून घ्यायला मी विसरले, यात विद्यार्थिनीचा दोष नाही. नवरा ते वाचून म्हणाला, "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण." तसंच झालं. उत्तर पुन्हा नकाराचंच आलं. मी वर्षभर बाईंशी बोलले नाही.

त्या वर्षात बाई काय करत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्या मनोरुग्णालयाच्या कचेरीत खेटे घालत होत्या. आमच्या अठरा जणींना आता तरी सहा आठवडे काम करू द्या, म्हणून डबा घेऊन बाकावर बसून राहायच्या. नोंदणी झालेल्या परिचारिकेला पुन्हा विद्यार्थिनी करून घ्यायचा नियम नाही, असं त्यांना दर वेळी सांगण्यात आलं. शेवटी परदेशातूनही खुलासा आला, की पदविकेनंतर केलेले तास धरलेच जात नाहीत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्यातली जसिंता पाचूबंदरची, माझी जिवलग मैत्रीण. तिने कुणा एजंटाकडून बाईंच्या सहीचा दाखला करून घेतला. परदेशातून बाईंना मेल आला, की ही सही आपली आहे का. बाईंनी 'नाही' कळवलं. जसिंतावर कायमची बंदी आली. तिची आई मासळीची पाटी खाली ठेवून भर बाजारात बाईंना म्हणाली, "माझे पोरीचं वाटोळं केलं तुमी. एक हो म्हनायला काय जात व्हतं?" त्यानंतर बाई त्या बाजारात गेलेल्या नाहीत. यात कोण चुकलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि कुणी ठरवून दाखवू नये असंच वाटतं.

मागच्या वर्षी एका धाकट्या तुकडीतल्या मुलीचा अर्ज अडला. शाळाच उरलेली नाही, तर तासांवर विश्वास कसा ठेवायचा, असा परिषदेचा सवाल होता. बाईंनी जुन्या वह्यांची सगळी पानं स्कॅन करून पाठवली, आमच्या शून्यांसकट. परिषदेने कळवलं, की न झालेल्या तासांचीही नोंद असल्यामुळे हा दस्तऐवज विश्वासार्ह मानला जात आहे. मुलगी परीक्षेला बसली, पास झाली, गेली. माझा निरोप घ्यायला पेढे घेऊन आली होती. मी पेढा खाल्ला आणि ती गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आनंदाने रडले असं लिहिलं तर ते गुळमुळीत होईल.

हल्ली बाईंचा उजवा हात कापतो. दोन मुलींचे कागद सही जुळत नाही म्हणून परत आले आहेत. रविवारी मी उमेळ्याला जाते, तेव्हा बाई पाटीवर गिरवणाऱ्या मुलासारख्या स्वतःची सही गिरवत बसलेल्या असतात. मी त्यांचं मनगट धरत नाही. कागद सरकू नये म्हणून नुसता दाबून ठेवते. शाळेच्या वतीने सही करायचा अधिकार असलेलं दुसरं कुणी आता हयात नाही. बाई गेल्या, की आमच्या शाळेतल्या कुणाही मुलीने एक तासभर तरी काम केलं होतं, हे सांगणारं कुणी उरणार नाही.

म्हणून या ग्रंथातल्या इतर शुभेच्छांत माझीही एक. बाई, तुमचा हात स्थिर राहो, डोळे शाबूत राहोत, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तो जाईपर्यंत तरी तुम्ही असायला हव्यात.