मुकादमीणबाईची स्कूटर
कसालच्या आमच्या काजू कारखान्यातली मुकादमीण कौतुक करायची ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. चूक मात्र ती शेजारी बसून हळूच दाखवायची.

कुडाळच्या एका हॉटेलात जादा पगाराची नोकरी निघाली, तेव्हा मी तिला घाबरतच सांगितलं.

"मगे साडी बरी नेस गो! मी सोडतंय तुका," म्हणत तिने स्कूटर काढली.

हॉटेलमालकाने माझ्यादेखत एका म्हाताऱ्या वेटरला नको ते बोलून घेतलं आणि मग तो हसून मला म्हणाला, "उद्यापासून या."

बाहेर ती वाट बघत उभी होती. "काय झाला?"

"नोकरी गावली. पण मी जावचंय नाय."

"कित्याक गो?"

"उद्या ही हॉटेलातली नोकरी सोडूची झाली, तर दुसरीकडे माका स्कूटरवरून कोण नेतलो?"