ओट्याखाली हात घालून बघा

मंडळी, घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज सकाळी सासूबाई ओट्यावर चढल्या. गेल्या आठवड्यात रत्नागिरीहून इथे आखातात आल्यात आणि उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमधली वरची कपाटं त्यांना तेलकट वाटतात. गावच्या ओट्याला खाली कडप्प्याच्या उभ्या फरशा आहेत. दिवाळीची साफसफाई त्यावर चढूनच होते.

पुसत पुसत त्या ओट्याच्या पुढे आलेल्या भागावर गेल्या, जिथे आम्ही स्टूल लावून नाश्ता करतो. कट्ट आवाज झाला. ग्रॅनाइटवर केसासारखी चीर!

"आई, हलू नका!" मी ओरडले.

"अगो, ओटा तो! मोडतोय कशाला?"

मी खालून दोन्ही हात लावले. "भिंतीकडे सरका. हळू." त्या सरकल्या आणि उतरल्या.

मग मी दगडाखाली हात फिरवला. ब्रॅकेट नाही, लोखंडी पट्टी नाही, पाय नाही. हात थेट आतल्या कपाटाला लागला. बिल्डिंगचा केअरटेकर फोनवर म्हणतो, "इंशाल्ला, कल देखेंगे."

माझी लेक रोज तिथेच बसते, दोन्ही पाय त्या दगडाखाली सोडून. तुमच्याकडे कोण बसतं?