दोन शब्दांची रुजवात

चष्मा मी तांदळाच्या डब्यात खुपसला आणि वरून तांदूळ सारखे केले. अडुसष्ट वर्षांची बाई, निवृत्त अव्वल कारकून, एका शहाण्या नातीची आजी. आणि दूध चोरलेल्या मांजरीसारखी ओट्याशी उभी. बाहेरून मुलगा हाका मारत होता.

"आई, ये ना जरा. एवढं पान वाचून दे. मोडी आहे."

"चष्मा सापडत नाही रे!"

आवाज इतका खरा निघाला, की क्षणभर मीही शोधायला लागले.

शुक्रवार होता. मस्कतला तो सुट्टीचा दिवस. आठवडाभर मुलगा माबेल्याच्या घरून ऑफिसपर्यंत गाडी हाकायचा आणि शुक्रवारी सकाळी लॅपटॉप उघडून आमच्या मेलेल्या माणसांना भेटायला बसायचा. २०१० नंतरची ती वर्षं. गावाकडची जुनी दप्तरं फोटो काढून संगणकावर चढवायचं काम तेव्हा कुठे सुरू झालं होतं. माझा भाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, तालुक्याच्या कचेरीतून मिळेल ते पान मोबाईलवर पाठवायचा. शोध चालला होता माझ्या पणजोबांचा.

पणजोबांनी खाडीच्या वरच्या कातळावर टोपल्याटोपल्यांनी माती नेऊन आंबे लावले, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. जमीन महार वतनाची. गावकीची कामं करायची आणि बदल्यात ती कसायची. पुढे सरकारने वतनं रद्द केली आणि जमीन वतनदाराच्या वारसांना परत मिळायची सोय झाली. माझ्या भावाने अर्ज केला. गावच्या खोतांचे वारस म्हणाले, बाग आमच्या गड्याने लावली, आमच्याच जमिनीत. भाऊ त्या बागेसाठी मरेपर्यंत भांडला आणि हरत गेला. आता भाच्याच्या अपिलाची प्रांत अधिकाऱ्यांपुढे शेवटची तारीख लागली होती. ते अपील हरला तर बाग जाणार, आणि बागेत बांधलेलं त्याचं दोन खोल्यांचं घरही.

दुपारी सुनेने भातासाठी डबा उघडला. चष्मा बाहेर काढला, पदराला पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"आई, तांदूळ निवडून झाले असतील तर त्यांना पान वाचून द्या."

वाचून दिलं. न देऊन सांगते कुणाला? ते पान जमाबंदीचं होतं. कोणी किती शेतसारा भरला त्याचं. त्यात पणजोबांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. मुलगा लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. पण गावात त्याच नावाचा, बापाचंही तेच नाव असलेला आणखी एक जण होता: खोतांचा गडी. त्या काळी माणसं नावाच्या बाबतीत फार काटकसरी. वारसांच्या ठरावाचं पान आधीच मिळालं होतं. त्यात पणजोबा वारल्यावर त्यांच्या मुलांची नावं लागली होती. सारा भरणारा आणि मरणारा एकच माणूस, हे सांगणारं पान एकच, जमिनीच्या रजिस्टरातलं. त्यात नावापुढे तो माणूस कोण, हेही लिहिलेलं असायचं.

"ते पान कचेरीवाले पुढच्या आठवड्यात देतो म्हणालेत," मुलगा म्हणाला. "मूळ मोडी कागदांचा रुमाल वाळवीने खाल्ला. पण त्याची बाळबोध अक्षरांत केलेली फेरनक्कल आहे. तुझ्याच कचेरीतली गं!"

मी खुर्चीवर बसले, तर मुलाला वाटलं मी आनंदाने बसले.

आता त्या फेरनक्कल करणारीबद्दल सांगते. वय बावीस. दोन वेण्या, इस्त्रीची साडी, आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. तालुक्याच्या कचेरीत नकलनवीस म्हणून लागली होती. वस्तीतल्या सभांमध्ये सगळ्यांत पुढे बसून टाळ्या वाजवायची. 'मान खाली घालायची नाही' असं वडिलांनी शिकवलं होतं, ते तिला तोंडपाठ होतं; फक्त कचेरीत जाताना ते ती घरी ठेवून जायची. आडनाव गावावरून पडलेलं, 'कर' लागणारं. त्यावरून जात कळत नव्हती. कोणी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. तालुक्याला एका बाईंकडे खोली घेतली होती. कचेरीच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता आणि त्यावर एकच पितळी पेला. ती त्या पेल्याने पाणी प्यायची आणि रोज तिला वाटायचं, उद्या आपल्यासाठी वेगळा पेला निघेल.

वाघासारखी होती म्हणायची माझी ऐट. पेल्याला घाबरणारा वाघ.

दप्तरखान्यातल्या म्हाताऱ्या कारकुनाला सगळे अण्णा म्हणत. मला मोडी त्यांनीच शिकवली, म्हणून जुन्या रुमालांच्या फेरनकला माझ्याकडे आल्या. नक्कल झाली की रुजवात घ्यायची. एकाने नक्कल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुळावर बोट ठेवून ऐकायची आणि ओळ जुळली की म्हणायचं, "रुजू." सगळी कचेरी ऐकत असायची, दुसरी करमणूक काय होती!

एके दिवशी आमच्या गावचा रुमाल उघडला. तिसऱ्या पानावर पणजोबा. नाव, वडिलांचं नाव आणि पुढे दोन शब्द: महार वतनदार. मी ते दोन शब्द लिहिलेच नाहीत. मनाशी म्हटलं, आपण आता बौद्ध झालो, तो शब्द सोडला, मग लिहायचा कशाला? केवढं तत्त्वज्ञान! खरं कारण एवढंच, की संध्याकाळी ते मला मोठ्याने वाचावं लागणार होतं. माझ्या आडनावातलं गाव आणि तो शब्द, एका दमात, सगळ्यांसमोर. घशाला कोरड पडली होती, आणि माठाकडे जायचीही भीती वाटत होती.

संध्याकाळी मी वाचलं. त्या ओळीला अण्णांचं बोट मुळावर थांबलं. त्यांना मोतीबिंदू होता. त्यांना दिसलं नाही, की त्यांनी पाहून सोडलं, हे मला आजही ठाऊक नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "रुजू." आणि नकलेखाली मी ऐटीत सही केली.

पुढे भाऊ केस हरू लागला, तेव्हा मी दुसऱ्या तालुक्याला होते. का हरतोय ते मला कळलं होतं. मी नोकरीला भ्यायले, मग नवऱ्याला, मग मुलगा मोठा झाल्यावर मुलाला. भीतीला काय, कोणीही चालतं.

त्या आठवड्यात माबेल्यातल्या घरात मोबाईल टिंग वाजला की माझ्या हातातलं भांडं पडायचं. बुधवारी मी वायफायची वायर काढून ठेवली. नातीने पाच मिनिटांत लावली. "आजी, तू वायरला टच केलंस का?" "मी? मला वायरमधलं काय कळतंय बाई!" रात्रीच्या जेवणाला घास उतरेना. सून म्हणाली, आईंना हवा मानवत नाही. मी लगेच हवेला दोष दिला.

शुक्रवार काही टळला नाही. पान आलं. मुलाने ते पडद्यावर मोठं केलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि त्याचं बोट थांबलं.

"इथे नुसतं नाव आहे," तो म्हणाला. "पुढे काहीच नाही. म्हणजे खोतांचं खरं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला खजूर बघत होते. नात पंधरा वर्षांची. मराठी तिची अडखळत, पण डोळे घारीचे. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि माझी कुळथाच्या पिठाची बरणी घेऊन आली. बरणीवर मी माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. तिने बरणी पडद्याला लावली.

"आजी, हे तर तू आहेस. सेम टू सेम. खाली साइन पण आहे."

सूनही ओट्याकडून बाहेर आली. आणि मी, जिला चाळीस वर्षांहून जास्त काळ एक वाक्य बोलता आलं नव्हतं, तिने ते कुळथाच्या बरणीसमोर बोलून टाकलं. पेल्यापासून सहीपर्यंत, सगळं.

मुलाने लॅपटॉप मिटला.

"मामा शेवटपर्यंत खोतांना शिव्या देत होता, आई. दवाखान्यातसुद्धा."

"हो. त्यातल्या निम्म्या माझ्या होत्या. मी घेतल्या नाहीत."

"विनोद नको करूस."

"विनोद नाही करत रे. मला भीती वाटते तेव्हा माझं तोंड असंच चालतं. तुला अजून कळलं नाही?"

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. तो आत येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते विचारू नका. नातीने माझा हात धरला होता आणि तिला काही बोलायला मराठी सापडत नव्हती. ते बरंच झालं.

आत आला तो फोन कानाला लावूनच. पलीकडे भाचा. त्याला सगळं सांगून झालं होतं. मुलाने फोन माझ्या हातात दिला.

"आत्ये," भाचा म्हणाला. मागे त्याच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. "आत्ये, हे शपथेवर लिहून देशील?"

"देईन."

"वकील म्हणेल, तुझ्यावर पण काय तरी येईल. सरकारी कागद होता तो."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणू? बाबा असते तर बोलले असते." आणि फोन ठेवला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी मुलाने अर्धी सुट्टी टाकली आणि मला शहरातल्या रुवी भागात नेलं. वाटेत बोलला फक्त एकदा, "पट्टा लाव." रुवीत एका गल्लीत टायपिंगचं दुकान होतं. चालवणारा रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचा मुसलमान गृहस्थ. वीस-बावीस वर्षं मस्कतला, अरबी-इंग्रजी अर्ज टाइप करून पोट भरणारा. मराठी मजकूर पाहून त्याचा चेहरा खुलला.

"आमच्याच खाडीकडच्या की हो तुम्ही मावशी! सांगा, सांगा."

मी सांगत गेले, तो बडवत गेला. त्या दोन शब्दांपाशी त्याची बोटं थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि आवाज खाली आणला.

"मावशी, हे असंच ठेवू? की नुसतं 'वतनदार' लिहू? कळेल त्यांना."

इतका भला माणूस, माझी लाज झाकायला निघालेला. आणि काय सांगू, माझ्या तोंडात 'बरं' आलं होतं. अडुसष्ट वर्षांची झाले तरी ती दोन वेण्यांची पोरगी आत बसलीच होती, पदर सावरून.

"नको," मी म्हणाले. "त्या शब्दासाठीच तर एवढं लांबण लावलंय. पूर्ण लिहा."

"खलास," तो म्हणाला, म्हणजे तिकडच्या अरबीत 'झालं', आणि पूर्ण लिहिलं. निघताना म्हणाला, "मिळेल बाग, इन्शाल्ला."

प्रतिज्ञापत्र भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यापुढे करायचं होतं, म्हणून तिथून थेट तिकडे. हॉल भरलेला. पासपोर्ट हरवलेले मजूर, रडणारं एक बाळ, खुर्च्यांवर फायली कवटाळून बसलेल्या बायका. अधूनमधून कानांवर मराठीही पडत होती. म्हणजे समजणारेही होते. माझा नंबर आला. काचेमागच्या तरुण अधिकाऱ्याने कागद उलटसुलट केला. त्याला मराठी येत नव्हती.

"माताजी, इसमें क्या लिखा है, पढ़के सुना दीजिए. फिर मेरे सामने साइन."

मी मुलाकडे वळून पाहिलं. तो मागे उभा होता, हातात त्या कागदाची दुसरी प्रत. मी चष्मा लावला. तांदळाचा एक कण अजून दांडीच्या सांध्यात अडकला होता. नाव वाचलं, वय, गाव. मी कारकून होते, मी नक्कल केली, हे वाचलं. मग पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव. आणि मग आवाजच गेला. नुसतीच हवा बाहेर आली.

"माताजी, ज़रा ज़ोर से. शीशे में सुनाई नहीं देता."

काय नशीब पाहा. कचेरीत ज्याला भ्यायले, तेच आता काच मागत होती.

मी पाठ सरळ केली आणि वाचलं. "महार वतनदार." इतक्या मोठ्याने, की बाजूच्या खुर्चीवरच्या बाईने वळून पाहिलं. तिने काय ऐकलं, काय समजली, मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मागे मुलगा बोट प्रतीवर ठेवून उभा होता. रुजवातीची पद्धत मी त्याला शुक्रवारीच सांगितली होती, त्या कबुलीत. तीन दिवसांत तो माझ्याशी धड बोलला नव्हता. आताही त्याने वर पाहिलं नाही.

"रुजू," तो म्हणाला. "पुढची ओळ वाच."