मी खोडलेली वीस पानं

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय — आणि आता मधेच थांबणार नाही.

पनवेलच्या एका कॉलेजात माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली. इंग्रजी कादंबरी नुकती बाळसं धरत होती, त्या काळातला एक मोठा कादंबरीकार हा माझा विषय. त्याच्यावरचं माझं पुस्तक अभ्यासाला लागलंय. म्हणजे — माझं कसलं! थांबा, नीट सांगते.

त्याच्या कादंबऱ्यांत चोर असतात, फसव्या बायका असतात, बुडत्या जहाजातून वाचलेले खलाशी असतात. बहुतेक सगळे शेवटी पश्चात्ताप करतात. तो पश्चात्ताप खरा, की लेखकानं उरकलेला? यावर समीक्षकांनी ढीगभर लिहून ठेवलंय, आणि मी वर्षानुवर्षं मुलांकडून तेच घोकून घेत होते.

वैशाली माझ्याकडे एम.ए.चा लघुप्रबंध करत होती. पनवेलजवळच्या नेरे गावची, शेतकऱ्याघरची, बेधडक पोरगी. एके दिवशी केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, ही माणसं कधी रडतात ते बघा ना. पोट भरल्यावर! उपाशी व्हती तवा एक पण नाय रडला." आणि वीस पानं पुढ्यात ठेवली. एकेका कादंबरीतलं जेवण आणि पश्चात्ताप तिनं शेजारी-शेजारी मांडले होते. माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं? नाही हो. जळफळाट झाला माझा. मला हे इतक्या वर्षांत का दिसलं नाही?

मग मी आमच्या धंद्यातलं हुकमी हत्यार काढलं — "याला आधार कुठाय? कुठल्या समीक्षकानं म्हटलंय?" मला माहीत असलेल्या कुणीच म्हटलं नव्हतं. तेच तर त्याचं मोल होतं! मी लाल पेननं सगळी पानं खोडली. तिनं बाजारच्या गाइडातलं काहीबाही भरलं. मार्क बेताचे पडले. ते मीच दिले.

पुढच्या वर्षी तो विचार माझ्या नावानं लेख म्हणून छापून आला. मग पुस्तक आलं, त्यात तो लेख मुख्य प्रकरण झाला. आता पोरं तोच मुद्दा लिहितात, आणि आधार म्हणून माझं नाव देतात.

वैशाली पीएच.डी.ला आलीच नाही. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, की मी म्हणायचे, "मुलींचं काय, लग्न झालं की सुटलं!"

बोलायला इतकी वर्षं का लावली? कारण प्रमोशन हवं होतं. ते मिळालं, शाली-श्रीफळं झाली, पेन्शन सुरू झाली, तेव्हा कुठे तोंड उघडतेय. तिनं मांडलेल्या माणसांत मी अगदी चपखल बसते. लाज वाटते.

गेल्या आठवड्यात प्रकाशकाला लेखी कळवलं — ते प्रकरण वैशालीचं आहे, तिच्या नावानं छापा, नाहीतर पुस्तक मागे घ्या. त्यांचा फोन आला — कशाला जुनं उकरता मॅडम? मी फोन ठेवला.

आणि वैशाली माहेरी आलीय असं कळलं, तशी काल नेऱ्याला गेले. तिच्या आईसमोर तिला सगळं सांगितलं, स्टाफरूममधलं ते लग्नाचं बोलणंसुद्धा. वैशाली ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती, हात थांबले नाहीत तिचे.

"तुमचा लेख मी तवाच वाचला, मॅडम. त्याच दिवशी इंग्लिश सोडलं," ती म्हणाली. "लग्न तर पाच वर्षांनी झालं."