खौस्वेवाले काका

ये गं, अशी जवळ बस. किती महिन्यांनी तोंड दाखवलंस!

निजामाच्या राज्यात, ढोकीला, आमच्या शेजारी ब्रह्मदेशातून जपानच्या लढाईत पायी पळून आलेले एक काका राहायचे. वाटेत त्यांची बायको चुकली, तिचा पत्ताच न्हाय. उन्हाळ्यात ते स्वतः शेवया करायचे. बायका हसल्या की म्हणायचे, "तिकडं याला खौस्वे म्हणतात. खौ म्हणजे दुमडायचं, स्वे म्हणजे ओढायचं. त्यात बाई-बाप्या कुठं आलं?"

दुखवट्याच्या घरी शेवया करत न्हाईत, शेजारी देतात. म्हणून आई एकदा ताटभर घेऊन गेली. "भावजी, घ्या."

शेवया ओढणारे त्यांचे हात थांबले. "वहिनी, माझ्या घरी कोण वारलंय?"

ताट परत आलं. पुढंही दरसाल बाजेवर दोघांपुरत्या शेवया वाळायच्या. ती काही आली न्हाय.

तू मात्र लवकर ये बाई परत.