चाचीनं पुरी करून घेतलेली यादी

पुढं पुढं सभांमधून 'मानवी हक्कांचे सल्लागार' अशी माझी ओळख करून द्यायला लागले, तेव्हा मला मनातून थोडं हसू यायचं. त्या कामाला मला एका सुईणीनं लावलं, आणि तेही जाब विचारून.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला फार दिवस झाले नव्हते. माकणीच्या अलीकडच्या एका गावात मी नवाच मास्तर म्हणून लागलो होतो. पहिल्या निवडणुकीची मतदारयादी करायचं काम तहसिलीनं माझ्या गळ्यात घातलं. पुरुषांची नावं चावडीत बसल्या बसल्या मिळाली. बायकांची मिळेनात. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे मला ठाऊक होतं. इथं तर स्वतःचंही सांगेनात. दाराआडून 'थोरल्याची माय म्हणून लिवा' एवढंच यायचं. मीही फार ताणलं नाही. कुणाची माय, कुणाची बायको, कुणाची सून, असं वळणदार अक्षरात लिहून यादी पाठवली. अक्षराबद्दल शाबासकी येईल अशी माझी अपेक्षा होती.

आल्या त्या लाल पेन्सिलीच्या रेघा. नाव नाही, तर मतदार नाही. गावातल्या बहुतेक बायका यादीतून गेल्या. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. यादी आटोपशीर झाली होती. ती चावडीच्या भिंतीला डकवून मी शाळेत येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सुईण शाळेच्या दारात उभी. पिंजाऱ्याची विधवा, हिंदू-मुसलमान सगळं गाव तिला चाची म्हणायचं.

"मास्तर, भिताडावरच्या कागदात बाया का न्हायती?"

मी तिला कायदा समजावला. बराच वेळ समजावला. ती चौकटीला टेकून निवांत ऐकत राहिली.

"मला काय लिवलं व्हतं तुमी?"

मी कागद काढला. "मयत पिंजाऱ्याची बायको."

"त्यो मरून बारा वर्सं झाली. आता त्यो येणाराय का मत टाकायला?"

"चाची, बायकाच नाव सांगत नाहीत. मी काय करू?"

"तुमाला न्हाय सांगत. माझ्याजवळ सांगत्यात. कळा सुरू झाल्या की मी नाव घिऊनच हाक मारते. त्या टायमाला 'थोरल्याची माय' म्हणलं तर कुणाला ऐकू येतंय? दुरुस्तीला मुदत हाय का न्हाय?"

मुदत होती. ती तिला कुणी सांगितली, हे मला कधीच कळलं नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. चाची घरात जायची, मी ओट्यावर दौत-टाक घेऊन बसायचो. आतून कुजबुज यायची, मग हसणं, मग चाची बाहेर येऊन नाव सांगायची. एका घरी फार वेळ लागला. त्या बाईचं माहेरचं नाव लग्नात बदललेलं होतं, आणि कोणतं लिहावं यावर घरात दोन तट पडले होते. शेवटी ती स्वतःच दाराशी आली.

"दोन्ही लिवा," ती म्हणाली. "दोनदा मत देते."

मी एका माणसाला एकच मत असतं हे समजावू लागलो. चाचीनं मला हातानंच गप्प केलं आणि माहेरचं लिहायला लावलं.

किराणा दुकानदार मात्र अडला. घरात कानडी आणि दुकानात मराठी बोलणारा, कपाळाला भस्म लावणारा तो भला माणूस.

"आमच्या बायकांचं नाव सरकारच्या कागदावर कशाला? गावभर वाचतील."

"शेट," चाची म्हणाली, "तुमच्या घरातली बाळंतपणं मी केली. बाईला नावानं हाका मारल्या तवा तुमी वसरीवरच बसला व्हता. मग कुणी आब घालवला तुमचा?"

दुकानदार तागडी पुसत राहिला. थोड्या वेळानं त्यानंच आत हाक मारून बायकोला आणि सुनांना बाहेर बोलावलं.

यादी संपली. मी टाक पुन्हा बुडवला. "चाची, तुमचं?"

गावातल्या बायकांना बोलतं करणारी ती बाई एकदम लाजली. तिनं तोंडाला पदर लावला. सांगितलं ते इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज जरा ओला होता, आणि मला माझ्या वळणदार अक्षराची लाज वाटली.

तहसिलीतल्या कारकुनानं 'सुईणीची वही आणलीत का मास्तर' म्हणून थट्टा केली, पण नावं चढवली.

मतदान माझ्याच शाळेत झालं. अधिकाऱ्यानं पहिल्या बाईचं नाव पुकारलं. कुणी हलेना. त्या नावानं तिला चाचीशिवाय वर्षानुवर्षं कुणी बोलावलंच नव्हतं. चाचीनं रांगेतूनच ठणठणीत हाक दिली, तशी बाई दचकून आत गेली. पुढची सगळी नावं मग अधिकारी वाचायचा आणि चाची पुकारायची.

"मत कुणाला दिलं?" मी संध्याकाळी तिला विचारलं.

"गुपित असतंय म्हणून तुमीच सांगत फिरलाव ना?"

पंधरवड्यात शेजारच्या गावातल्या चार बाया शाळेत आल्या. त्यांना आडावर पाणी भरू देत नव्हते. मी त्यांना चाचीचं घर दाखवलं. चाची त्यांनाच घेऊन परत आली.

"मला लिवता येत न्हाय," ती म्हणाली, "तुमाला बोलता येत न्हाय. चला."

मी वर्गातल्या पोरांना पाढे लिहायला दिले आणि चपला घातल्या.